सरांनी नीट केलेली फाईल

शेषराव भाऊसाहेब,

तुमचं नाव पानाच्या मधोमध आणायला मला पाऊण तास लागला. आधी स्पेसबार दाबत दाबत नेलं. मध्यावर आलंसं वाटलं म्हणून अक्षर मोठं केलं, तर नाव उजवीकडं सरकलं. मागं ओढलं तर 'भाऊसाहेब' खालच्या ओळीत उतरलं आणि 'शेषराव' एकटंच वर राहिलं. सेंटरचं बटण आहे हे मला माहीत आहे. तुम्हीच दाखवलं होतं, तीनदा तरी. पण ते दाबलं की खालचा सगळा मजकूर लग्नपत्रिकेसारखा मधोमध येऊन बसतो आणि मग काय करायचं ते सुचत नाही. शेवटी नाव डावीकडंच राहू दिलं आहे.

तुम्ही गेल्यावर निवृत्त शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहा, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. पूर्णेहून पॅसेंजरनं चुडाव्याला उतरून शाळेपर्यंत इतकी वर्षं तुमच्याबरोबर चाललेला माणूस मीच. तुमच्याबद्दल चांगलं लिहिणं मला जड जाणार नाही, असं संपादकांना वाटलं. मलाही वाटलं होतं. लिहायला बसल्यापासून मात्र काही कळेनासं झालंय. तुमची आठवण काढायला जातो आणि त्या एका पानाशी येऊन थांबतो.

आधी दुसरं काहीतरी लिहितो.

शाळेचा क्लार्क म्हणजे भाऊसाहेब. ते नाव तुम्हाला नोकरीबरोबरच मिळालं, आणि मग घरचेसुद्धा तेच म्हणायला लागले. तुमचं टायपिंग ऐकून मी वर्गात फळ्यावर लिहायचा वेग ठरवायचो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. ऑफिस आणि सातवीचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत होती. शीर्षक मधोमध आणायचं असलं की तुमचं यंत्र थांबायचं. तुम्ही टाइपरायटरचा गाडा कागदाच्या मध्यावर आणायचात, ओठ हलवत शीर्षकातली अक्षरं मोजायचात आणि दोन अक्षरांमागं एकदा या हिशेबानं मागं यायचात. टक, टक, टक. मग एका दमात शीर्षक. पट्टी लावून बघावं तर दोन्ही बाजूंची जागा सारखी. समासाला तुम्ही 'हाशिया' म्हणायचात. तुमचे वडील निजामाच्या काळात तहसिलीत होते, त्यांचा शब्द. "हाशिया सोडल्याबिगर लिहिलेला कागद म्हंजे उंबऱ्याबिगर घर," असं ते म्हणायचे म्हणे.

पुढं कॉम्प्युटर आला. तुम्ही त्याला महिनाभरात वठणीवर आणलंत आणि मी निवृत्तीला आलो तरी शिकतच राहिलो. आपला वाद तिथून सुरू झाला. माझं म्हणणं, पुस्तकासारख्या दोन्ही कडा सरळ हव्यात. तुमचं म्हणणं, डावी कड सरळ असली की झालं, उजवीकडं ओळ जिथं संपते तिथं संपू द्या. मी माझा पेन्शनचा अर्ज स्वतः टाईप करून तुम्हाला दाखवला, त्या दिवशीचं तुमचं हसणं अजून कानात आहे. दोन्ही कडा सरळ करणारं जस्टिफायचं बटण दाबल्यामुळं शेवटची दोन शब्दांची ओळ पानभर ताणली गेली होती.

"सर, ह्ये बघा," तुम्ही पडद्यावर बोट ठेवून म्हणालात, "तुमचा 'आपला' परभणीला राहिला आन् 'विश्वासू' पूर्णेला जाऊन बसला. मधी रूळ टाकावं लागतील."

"मग तुम्ही जवळ आणा."

"आणतो की. पण कडा सरळ करायसाठी शब्दायला कशाला वढायलाव? त्यायनं तुमचं काय केलंय?"

तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही. गेल्या दिवाळीतसुद्धा तुम्ही माझ्या नातीच्या लग्नाचा बायोडाटा बघून नुसतं "वढलाव वाटतं पुन्हा" म्हणालात. आता कुणाशी भांडू ते कळत नाही. या लेखाच्या दोन्ही कडा सरळ कराव्यात की करू नयेत, हेही ठरत नाही. सध्या नाही केल्या.

आता त्या पानाबद्दल लिहितो.

या अंकाचे बहुतेक वाचक त्या दिवशी हॉलमध्ये होते. तरी सगळं पहिल्यापासून लिहितो, कारण त्यांना माहीत आहे ते खरं नाही. शाळेचा वर्धापनदिन होता आणि स्मरणिका काढायची होती. टायपिंग तुमचं, तपासणी माझी. त्यात एका पानावर माजी शिक्षकांची नावं होती. डावीकडं 'दिवंगत गुरुजन', उजवीकडं 'हयात माजी गुरुजन'. दिवंगत सात होते, हयात नऊ. साहजिकच सात ओळी झाल्यावर डावी बाजू रिकामी होती आणि शेवटची दोन नावं फक्त उजवीकडं होती. एक गणिताच्या अंबादास सरांचं, दुसरं हस्तकलेच्या कौसल्याबाईंचं.

शुक्रवारी दुपारी तुम्ही वहिनींना दवाखान्यात न्यायचं म्हणून लवकर गेलात. फाईल उघडी ठेवून गेलात, मला शेवटचं वाचता यावं म्हणून. संध्याकाळपर्यंत ती परभणीच्या छापखान्यात पोचवायची होती. मी वाचत त्या पानावर आलो. खालची दोन नावं मला अधांतरी लोंबकळल्यासारखी दिसली. शेषरावांचा हात घाईत सुटलेला दिसतोय, असं मनात म्हणालो. तुम्ही नेहमी टॅब वापरायचात, मी नेहमी स्पेसबार. टॅबची जागा एका दाबात पुसली जाते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अंबादास सरांच्या नावाआधी बॅकस्पेस दाबलं. नाव सर्रकन डाव्या कडेला जाऊन वरच्या नावांखाली बसलं. कौसल्याबाईंच्या नावाआधी दाबलं. तेही बसलं. किती नीट दिसलं ते! वर मथळा काय आहे हे मी पाहिलंच नाही. मी नावं वाचत नव्हतो, कडा बघत होतो. मग सगळं पान निवडून जस्टिफाय केलं, सेव्ह केलं, पेन ड्राइव्हवर घेतलं आणि स्वतः गाडीनं जाऊन छापखान्यात देऊन आलो. वाटेत वाटत होतं, तुम्हाला सांगावं, तुमची एक चूक मी काढली.

रविवारी कार्यक्रमात मुख्याध्यापकांनी दिवंगत शिक्षकांना श्रद्धांजली म्हणून सगळ्यांना उभं केलं आणि स्मरणिकेतून नावं वाचायला सुरुवात केली. सात झाली. आठवं वाचलं. तिसऱ्या रांगेतून अंबादास सर ओरडले, "आरं मी हाय की हितं! चहा बी घेतला आत्ताच!" हॉल फुटला हसून. मुख्याध्यापक गडबडले आणि गडबडीत नववंही वाचून मोकळे झाले.

कौसल्याबाई बायकांच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांचं मोठं ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते आणि घराबाहेर पडायची ती पहिलीच वेळ. जिंतूरहून एकट्या आल्या होत्या, डोक्यावरून पदर घट्ट घेऊन. लोक हसत होते आणि त्या हात जोडून, मान खाली घालून तशाच उभ्या राहिल्या. दोन मिनिटं पूर्ण. मी मोजली नाहीत, पण मला ती पूर्णच वाटली. मग पिशवी घेतली आणि जेवण न करता निघून गेल्या.

ऑफिसात संस्थेचे अध्यक्ष स्मरणिका टेबलावर आपटून म्हणाले, "हे कोणी टाईप केलं?"

तुम्ही म्हणालात, "टाईप मी केलं, साहेब."

मी कपाटाजवळ उभा होतो. तुमचं उत्तर खरं होतं. टाईप तुम्हीच केलं होतं. मी स्वतःला तेवढंच सांगत राहिलो, की ते काही खोटं बोलले नाहीत, मग मी मध्ये बोलायची काय गरज. अध्यक्ष आणखी बरंच बोलले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत का? मला आठवतं की पाहिलंत. कधी आठवतं की तुम्ही खिडकीकडं बघत होतात आणि मीच तुमच्याकडं बघत होतो. दोन्ही इतकं स्पष्ट दिसतं की कुठलं खरं ते आता सांगता येत नाही.

त्यानंतर प्रश्नपत्रिका बाहेरच्या दुकानात टाईप व्हायला लागल्या. तुमच्या नोकरीची दीड वर्षं उरली होती. ज्याच्या हातच्या कागदावर खाडाखोड नसते म्हणून तालुक्यात नाव, त्या माणसाला हजेरीपटाशिवाय काही उरलं नाही. गावात थट्टा सुरू झाली. "पत्रिका भाऊसाहेबाकडं देऊ नगा, नवरदेव कैलासवासी व्हईल." "भाऊसाहेब, आमचं नाव उजव्या अंगाला ठेवा बरं का, लेकरं ल्हान हायेत." तुम्ही हसून सोडून द्यायचात. एकदा चुडाव्याच्या फलाटावर कुणीतरी असंच म्हणालं आणि मीही हसलो. खोटं नाही, मला खरंच हसू आलं. तुम्ही तेव्हा रुळाकडं बघत होतात. एवढं मात्र नक्की आठवतं.

महिनाभरानं तुम्ही जिंतूरला जाऊन आलात. एसटीनं, साडी-चोळी आणि नारळ घेऊन. दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलंत.

"जाऊन आलो बाईकडं."

"काय म्हणाल्या?"

"काई न्हाई. चहा पाजला."

पूर्णा ते चुडावा जेवढा वेळ लागतो तेवढा माझ्याजवळ होता. मी म्हणालो, "बरं केलंत." बस. एवढंच म्हणालो.

आणि मग ती तुमच्या ओसरीवरची संध्याकाळ. दोघंही निवृत्त झालो होतो. तुम्ही चहा बशीत ओतता ओतता सहज विचारलंत, "सर, त्या पानाला जस्टिफाय कुनी केलं आसंल हो? म्या तर कंदीच करीत न्हाई."

माझ्या तोंडून निघालं, "छापखान्यात करतात तसं."

"आसंल," तुम्ही म्हणालात, आणि बशी तोंडाला लावलीत.

भाऊसाहेब, त्या 'आसंल'वर मी इतकी वर्षं जगलो. वाटायचं, यांनी विश्वास ठेवला. वाईटही वाटायचं आणि सुटल्यासारखंही. दोन्ही एकदम. पुढं तुम्ही मला फॉन्ट बदलायला शिकवलंत, माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाची पत्रिका करून दिलीत, गुडघा दुखत असताना जिना चढून माझा प्रिंटर बघायला आलात. मी दर वेळी ठरवायचो, आज सांगू. मग तुम्ही काहीतरी विनोद करायचात आणि वाटायचं, चाललंय ते चांगलं चाललंय, कशाला.

तुमचं तेरावं झाल्यावर सुरेखानं, तुमच्या सुनेनं, बोलावून घेतलं. म्हणाली, "काका, कॉम्प्युटर विकायचा विचार हाय. आत बाबांनी तुमच्या नावाचं काईतरी ठेवलंय, बघून घ्या." 'स्मरणिका' नावाच्या फोल्डरमध्ये दोन फाईली होत्या. एकीचं नाव 'स्मरणिका, माझी'. दुसरीचं 'स्मरणिका, सरांनी नीट केलेली'.

दोन्ही उघडल्या. पहिलीत अंबादास सर आणि कौसल्याबाई उजवीकडं होते, जिथं असायला हवं तिथं. दुसरीत डावीकडं. सुरेखानं मला फाईलची तारीख कशी बघायची ते दाखवलं. पहिलीवर शुक्रवारची, तुम्ही शाळेतून निघण्याआधीची तारीख होती. दुसरी तुम्ही कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळेतून आणून वेगळी ठेवली होती.

म्हणजे सोमवारी तुम्हाला कळलं होतं. जिंतूरला गेलात तेव्हा माहीत होतं. फलाटावर मी हसलो तेव्हा माहीत होतं. ओसरीवर तो प्रश्न विचारलात तेव्हाही माहीत होतं. मग विचारलंत कशाला? मला दार उघडून देत होतात, की मी किती खोटं बोलू शकतो ते बघत होतात? आणि बघितल्यावर माझा प्रिंटर दुरुस्त करायला जिना का चढलात?

'नीट केलेली' हा टोमणा आहे का, असं मी सुरेखाला विचारलं. ती म्हणाली, "काय म्हाईत काका. बाबा समद्यांच्याच फायलींना आसं नाव देयचे." तिनं फोल्डर खाली-वर करून दाखवले. 'पंचायत समितीनं परत केलेलं'. 'मुख्याध्यापकांनी बिघडवलेलं'. मी बराच वेळ ते वाचत बसलो. मुख्याध्यापकांनी बिघडवलेलं आणि सरांनी नीट केलेलं. त्यांच्यासाठी तुम्ही सरळ शब्द वापरलात आणि माझ्यासाठी हा. टोमणा असेल तर फार मोठा आहे. माया असेल तर त्याहून मोठी, आणि ती मला पेलत नाही. रोज सकाळी मला एक वाटतं आणि दुपारपर्यंत दुसरं.

गेल्या आठवड्यात मी जिंतूरला गेलो. कौसल्याबाई बऱ्या आहेत. वय झालंय, पण त्या दुखण्यातून उठल्या त्या उठल्या. दारातच मला ओळखलं. मी बसायच्या आधी सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा चहा येईल आणि राहून जाईल अशी भीती वाटली. बॅकस्पेसचं सांगितलं, अध्यक्षांसमोर गप्प बसलो ते सांगितलं, छापखान्याचं खोटं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते आले व्हते तवा म्या इचारलं त्यायला, भाऊसाहेब, असं कसं केलं तुमी? मला जित्तेपणी मेलेल्यायच्या खाली बसिवलं. तर म्हणले, बाई, हापिसाकडून चूक झाली, मी हापिसाचा मानूस. तुमचं नाव घेतलं न्हाई त्यायनं."

"नसेल घेतलं."

"म्या त्यायला चहा दिला, पण आंगणात दिला, सर. आत बोलावलं न्हाई. साडी घेतली आन् नेसले न्हाई कंदी, मोलकरणीला देऊन टाकली. आन् आता गेले तवा निरोप आला व्हता मला. म्या गेले न्हाई. म्हणलं, ज्यानं मला मेलेली लिहिली त्याच्या दारात कशाला जाऊ." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आता ह्ये म्या कुठं नेऊन ठिवू, सांगा. तुमी सर हाव ना?"

मी म्हणालो, "बाई, माझी चूक झाली." त्या म्हणाल्या, "माज्याशी बोलून काय उपेग. तवा छापून आलं व्हतं. आता बी छापूनच येऊ द्या."

म्हणून हे लिहितोय, भाऊसाहेब. मी आलो होतो तुमच्यावर दोन चांगले शब्द लिहायला. संपादकांना कळवलं आहे की हा लेख श्रद्धांजलीच्या पानावर घ्या किंवा चूक-दुरुस्तीच्या, पण यातली पुढची ओळ काढू नका.

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेतल्या माजी शिक्षकांच्या यादीत झालेली चूक मी केली. शेषराव भाऊसाहेबांनी केलेलं पान बरोबर होतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हे वाचून लोक काय म्हणतील ते मला ठाऊक नाही. अंबादास सर कदाचित हसतील. तुम्ही काय म्हणाला असता, तेही कळत नाही. मला वाटायचं मी तुम्हाला चांगला ओळखतो. अंक हातात आला की कौसल्याबाई तुमच्या घरी येणार आहेत. सुरेखाला त्यांनी तसा फोन केला. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीनं, तिच्याशी सगळं ठरवलं. मला सोबत यायला सांगितलेलं नाही.